चाळीसगावचा टांगा आणि आमचा पाय

पाय मोडून घरी पडलो होतो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एक वाक्य हमखास बोलायचा : "अहो, बाबासाहेबांचाही पाय मोडला होता." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असायचा. पहिल्या आठवड्यात आम्हालाही बरे वाटले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही मोजायला लागलो, चौदा जण झाले. तिसऱ्या आठवड्यात उलट विचारायला लागलो, "कसा मोडला होता, सांगा बरं?" उत्तर एकच यायचे. चाळीसगावला टांगेवाल्यांनी जातीमुळे नकार दिला आणि म्हणून अपघात झाला. हे खरे आहे, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते आपल्या माणसांबद्दल आहे, म्हणून बहुधा आपण ते सांगत नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे आठवणींचे छोटे लिखाण. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिका म्हणून छापले, पुढे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडांपैकी बाराव्या खंडात ते आले. अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही ते पुन्हा वाचले. साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि त्यांच्याकडे खानदेशचे काम होते. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा दोनेक मैलांवर, पायी जाता येईल इतका. तरी बाबासाहेबांना तासभर तिथेच थांबवून ठेवले गेले. का, ते कोणी सांगेना. मग टांगा आला. टांगेवाला आणि बाबासाहेब असे दोघेच आत, बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावले गेली नाहीत तोच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवर कठडे नसलेला दगडी फरशीचा पूल होता. त्याच्या तोंडाशी घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. पाय मोडला. शुद्ध हरपलेल्या बाबासाहेबांना लोकांनी उचलून महारवाड्यात नेले, बायाबापड्या रडत होत्या.

चौकशी केल्यावर त्यांना कळले ते असे. अस्पृश्य प्रवासी बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. आपल्यातल्या कोणालाच टांगा हाकता येत नव्हता, तो आपला धंदाच नव्हता. त्यात काय एवढे, असे समजून एकाने लगाम हातात घेतला आणि वाटेत घाबरून सोडून दिला. हे सांगताना बाबासाहेब आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे हे लोक विसरले, असे ते स्पष्ट नोंदवतात. शेवटचा घाव अर्थात जातीवरच आहे. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही स्वतःला श्रेष्ठ समजणारा टांगेवाला त्यांनी जगापुढे उभा केला. पण मधली ती दोन-तीन वाक्ये आमच्या डोळ्यांसमोरून हलेनात, कारण आमचा पाय नेमका त्याच वाक्यांमुळे मोडला होता.

आम्ही शिळफाट्याला राहतो. बोरघाट उतरून आलेला जुना मुंबई-पुणे हायवे आणि पालीकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. घाटातून उतरलेले ट्रेलर, कंपन्यांच्या बसा, पालीची एसटी, सगळ्यांना इथूनच वळायचे असते. पावसाळ्यात खड्ड्यांत टाकलेली खडी उखडून रस्ताभर पसरते. इथे राहणाऱ्या लहान पोरालाही माहीत आहे की या वळणावर घाई करायची नाही.

ऑगस्टमधला रविवार होता. पाली रस्त्यावरच्या एका वस्तीत वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालू होते आणि त्या दिवशी आम्हाला बोलायला बोलावले होते. अंतर फार नाही. मिनीडोर फाट्यावरून सुटते, थेट वस्तीच्या तोंडाशी सोडते. आम्ही फोनवर तसे सांगितलेही होते. तरी साडेचारला चाळीच्या दाराशी मोटारसायकल येऊन उभी राहिली. हँडलला निळा झेंडा, पुढे बसलेला पोरगा सतरा वर्षांचा, बारावीतला.

"दादा, कमिटीने पाठवलंय. वक्त्याला मिनीडोरमध्ये कोंबून आणायचं बरं दिसत नाही."

आम्ही लायसन्स विचारले नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो. रस्ता सुरक्षेवर शाळांमध्ये दोनदा बोललेला माणूस आहे आमचा. गळ्यात पंचशीलाचा पट्टा होता, डोके उघडे, पाऊस भुरभुरत होता आणि चाळीतले लोक बघत होते. खरे सांगायचे तर ते बघत आहेत हे आम्हाला आवडले. बसलो.

फाट्याच्या वळणावर समोरून ट्रक आला, पोराने ब्रेक दाबला, खडीवर चाक सरकले. गाडी आमच्या डाव्या पायावर पडली. पोराला खरचटले तेवढेच.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. नडगीचे हाड मोडले होते, पण जागचे हलले नव्हते, त्यामुळे ऑपरेशन टळले. आधी कच्चे प्लास्टर, सूज उतरल्यावर पक्के, मांडीपर्यंत. पाय उशीवर उंच ठेवा, बोटे हलवत राहा, बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर रात्री-बेरात्री या, आत खाज आली तरी सुई-काडी घालू नका. डॉक्टरांनी स्वतः खाली बसून बोटांत चिमटा काढून पाहिला. त्याच पुस्तिकेत काठियावाडातली एक हकीगत आहे. बाळंतपणानंतर आजारी पडलेल्या एका अस्पृश्य शिक्षकाच्या बायकोला डॉक्टरने हात लावला नाही, थर्मामीटरसुद्धा दुसऱ्याच्या हाती दिला, आणि ती बाई गेली. आमच्या पायाला हात लागला. एवढा फरक पडलेला आहे आणि तो कोणाच्या लढ्यामुळे पडला हे आम्ही विसरत नाही.

मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारले, "गाडी कोण चालवत होतं?"

पोरगा दारात ओलाचिंब उभा होता. आम्ही म्हणालो, "मीच."

पुढे एक हवालदार येऊन गेले, त्यांनाही तेच सांगितले. आमच्याकडे लायसन्स आहे, पोराकडे नव्हते. गाडी त्याच्या मामाची. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे सगळे आम्हाला पाठ होते. मामा कंपनीत ठेक्यावर आहे. दर रविवारी लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारे आम्ही, चौथे शील मोडायला आम्हाला दोन सेकंद पुरले. एवढेच सांगतो की विम्याचा दावा आम्ही केला नाही आणि करणार नाही, खर्च उसनवारीने भागवला. हे सारे आता लिहितो आहोत ते पोराला आणि त्याच्या मामाला विचारून. वस्तीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

प्लास्टरचे दिवस सुरू झाले. आम्ही एका संस्थेत मानधनावर काम करतो. मानधन या शब्दात मान आधी येतो आणि धन मागून, हे ज्याने शब्द घडवला त्याला नीट माहीत असावे. मानधनाला आजारपणाची रजा नसते. एम. ए.ला आम्ही टॅल्कॉट पार्सन्स शिकलो होतो, त्याने १९५१ साली 'रुग्णाची भूमिका' मांडली. आजारी माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते, आजाराचा दोष त्याच्या माथी येत नाही, त्या बदल्यात त्याने बरे व्हायची इच्छा धरावी आणि जाणकारांची मदत घ्यावी. परीक्षेत दहा मार्कांना लिहिले होते. ती सूट ठेक्यावरच्या हमालाला कोण देतो आणि रुग्णाचे भांडे घरात कोण उचलतो, यातले काहीच त्या उत्तरात नव्हते.

आणि आमचे सगळे अडले ते त्या भांड्यावर.

चाळीचे संडास सामाईक, अंगणापलीकडे, दोन पायऱ्या चढून, खाली बसायचे. गुडघा वाकत नसताना बसणार कसे? कमोडची प्लास्टिकची खुर्ची आणली, खाली भांडे. लघवीसाठी बाटली. घरात आम्ही आणि आई. आईने वीस वर्षे रोज घाट चढून लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये लोकांचे संडास-बाथरूम धुतले आणि त्या पैशांवर आम्हाला शिकवले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर, २०१३ च्या कायद्यावर आम्ही किती भाषणे केली असतील! आता तीच आई आमचे भांडे घेऊन अंगणातून जाणार आणि चाळ बघणार, हे आम्हाला सहन होईना. आम्ही तिला काही बोललो नाही. गुपचूप पाणी पिणे कमी केले. रात्रीचे जेवण अर्ध्यावर आणले. तोंडाला कोरड पडायची, पोट जड व्हायचे, आई विचारायची तर "भूक नाही" म्हणायचो.

पक्के प्लास्टर घालून सहा दिवस झाले होते. रात्री तीनच्या सुमारास जाग आली. आई झोपली होती. म्हटले, उभ्याने लघवीला जाऊन येऊ, कुबड्या आहेतच. बाहेर पाऊस कोसळत होता. अंगण कसेबसे ओलांडले. पायरीवर कुबडीचे रबर शेवाळावर सरकले आणि आम्ही पाण्यात आडवे झालो. रात्रपाळीवरून परतणाऱ्या शेजाऱ्याने उचलून आणले. प्लास्टर टाचेकडून लगदा झाले होते. सकाळी पुन्हा दवाखाना, पुन्हा एक्स-रे, पुन्हा प्लास्टर. हाड हलले नव्हते हे नशीब. आम्ही नशीब मानत नाही, पण त्या सकाळी दुसरा शब्द सापडला नाही.

घरी आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लहानपणी तुझं सगळं मीच काढलं ना रे? तेव्हा लाज नव्हती. आता लाज तुला वाटते, का मला वाटेल असं तुझं तूच ठरवलंस? एकदा विचारायचंस तरी."

आम्ही गप्प. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "बंगल्यातलं काम पैशासाठी केलं, तिथे मला कोणी माणूस समजत नव्हतं. घरातलं आणि ते एक आहे का?" हा फरक आम्हाला एकाही सेमिनारमध्ये इतका नीट कोणी सांगितला नव्हता. मग वाटणी ठरली. सकाळचे भांडे आई नेईल, संध्याकाळचे चुलतभाऊ कामावरून येताना नेईल, हातमोजे आणि फिनेल आम्ही मागवायचे, बाटली आम्ही बसल्या जागी स्वतः धुवायची. पाणी पुन्हा पोटभर प्यायला लागलो.

त्या दिवशी पुस्तिका पुन्हा उघडली. आता आम्हाला चाळीसगावात दुसरेच काहीतरी दिसले. स्टेशनवर बाबासाहेब तासभर उभे होते आणि त्या तासभरात त्यांच्याच मानाचा सौदा चालला होता, पण त्यांना कोणी विचारले नाही. "टांगेवाले तयार नाहीत, पायी याल का?" एवढा एकच प्रश्न. ते काय म्हणाले असते हे आम्ही सांगू शकत नाही. पण लहानपणी, १९०१ साली, हीच अट त्यांनी भोगलेली होती. साताऱ्याहून वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या पोरांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने आणि स्वतः हाकायच्या बोलीवर, गाडीवान शेजारून चालत आला. त्या वेळी निदान पोरांना अट माहीत होती. अठ्ठावीस वर्षांनी, बॅरिस्टर झाल्यावर, आपल्याच प्रेमळ माणसांनी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली.

कोणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची आहे. तिथे जातीने नकार दिला होता, तुम्हाला कोणत्या मिनीडोरवाल्याने नकार दिला? कोणीच दिला नाही. आमचे म्हणणे नेमके तेच आहे. नाकारणारा टांगेवाला समोर उभा नसतानाही आपण त्याने घातलेली अट पाळतो. "बरं दिसत नाही" यात बघणारा कोण आहे? शेजारच्या आळीतल्या उत्सवाला स्कॉर्पिओतून पाहुणे येतात, मग आपला वक्ता मिनीडोरमधून कसा, असा तो हिशेब आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत विना हेल्मेट तिघे-तिघे बसलेली आपली पोरे बघा. त्यांना अडवले की उत्तर येते, "त्यांच्या मिरवणुकीत चालतं, आपल्यालाच का?" समतेचा हा मुद्दा पोलिसांच्या पक्षपातापुरता बरोबर आहे. पण डोके फुटण्याच्या बाबतीत समता मागून काय करायचे?

आणि कोणी असेही म्हणेल की मानासाठीच तर आपली चळवळ आहे, तुम्ही मानाला हसता? नाही हसत. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर लोकांची डोकी फुटली, त्यातला एकही माणूस वेडा नव्हता. पण डिसेंबरमध्ये काय झाले तेही त्याच महाडचे आहे. कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, हजारो लोक तळ्यावर जायला तयार होते, परिषदेने कौलही जाण्याचाच दिला होता, आणि बाबासाहेबांनी लोकांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. लोकांशी बोलून, कारणे सांगून. पुढे मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला, म्हणजे त्या तहकुबीनंतर नऊ वर्षांहून अधिक काळाने. एवढी वर्षे थांबण्यात लोकांना कमीपणा वाटला नसेल का? महाडला लोकांनी धोका पत्करला तो डोळे उघडे ठेवून, तळ्याच्या हक्कासाठी. आम्ही मोटारसायकलवर बसलो ते चाळीने बघावे म्हणून.

पोरगा मात्र आलाच नव्हता. त्याची आई एकदा डबा घेऊन आली. म्हणाली, विहारात जात नाही, कॉलेजलाही दांड्या मारतो. आम्हाला वाटले लाजला असेल, येईल. पाचव्या आठवड्यात आला. दारातच उभा राहिला, बस म्हटले तरी बसेना.

"दादा, वस्तीत सगळे बोलतात, दादांनी तुला वाचवलं. मला चिडवतात. माझ्यामुळे तुमचा पाय मोडला आणि मला कोणी ओरडतसुद्धा नाही."

"तुझ्या मामाचे २५ हजार गेले असते, माहीत आहे का?"

"तेव्हा माहीत नव्हतं. पण तुम्ही विचारलंत कुठे? मी दारातच होतो."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. खरे सांगितले असते तर मामाची नोकरी धोक्यात आली असती, असे आम्हाला वाटते. पण त्या पोराच्या वतीने दोन सेकंदांत ठरवायचा हक्क आम्हाला कोणी दिला होता? आम्ही एवढेच केले की त्याला पुस्तिकेतली ती पाने वाचायला दिली. तो तिथेच उभ्याने वाचून संपवून म्हणाला, "टांगा हाकणाऱ्याचं पुढे काय झालं?"

बाबासाहेबांनी ते लिहिलेले नाही. आम्हाला तो प्रश्न इतक्या वर्षांत कधी पडलाही नव्हता. ज्याने भीतभीत लगाम धरला आणि ज्याच्या हातून बाबासाहेब पडले, तो महारवाड्यातला माणूस त्यानंतर कसा जगला असेल? चाळीसगावची गोष्ट सांगणाऱ्या कोणाच्याही तोंडी आम्ही त्याच्याबद्दल एक शब्द ऐकलेला नाही. पोरगा मग बसला. आईने चहा दिला. त्याने आमच्या प्लास्टरवर पेनाने स्वतःचे नाव लिहिले आणि खाली तारीख टाकली.

सप्टेंबरच्या शेवटी मांडीपर्यंतचे प्लास्टर निघाले. आतला पाय आपला वाटेना, काठीसारखा बारीक, कातडीचे पापुद्रे निघत होते. गुडघ्याखाली दुसरे, छोटे प्लास्टर बसले. थोडा भार टाकून वॉकरने चालायला परवानगी मिळाली.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. त्याच वस्तीत आम्हाला राहिलेले भाषण करायचे होते. या वेळी आम्ही फोनवर बजावून सांगितले, मिनीडोरने येतो. कमिटीत वाद झाल्याचे नंतर कळले. एक ज्येष्ठ म्हणाले, प्लास्टरातल्या माणसाला मिनीडोरने आणले तर समाजात नाक राहील का? शेवटी महिला मंडळाने विषय मिटवला. चंद्याच्या वहीत 'वक्त्याचे जाण्या-येण्याचे भाडे' असा नवीन रकाना घातला गेला आणि मिनीडोरच्या दोन सीटचे पैसे आगाऊ देण्यात आले, एक आमची आणि एक पाय पसरायला. ज्येष्ठ त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले, पण आमच्याशी बोलले नाहीत.

पोरगा फाट्यावर न्यायला आला होता, पायी. त्याने वॉकर घडी करून टपावर बांधला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "काका, वळणावर सावकाश घ्या." विहारात आम्ही भाषण केले नाही, चाळीसगावचा भाग पूर्ण वाचला, मधली ती वाक्ये दोनदा. वाचून झाल्यावर त्याने उभे राहून गाडी कोण चालवत होते ते सगळ्यांसमोर सांगितले. आधी मामाला विचारून आला होता. मामा मागे भिंतीला टेकून उभा होता.

मोटारसायकल सध्या मामाकडे कुलपात आहे. पोरगा फेब्रुवारीत अठराचा होईल, तेव्हा लर्निंगचा फॉर्म भरायला त्याच्यासोबत जायचे ठरले आहे.